कोण गावचं पाव्हणं?

आमच्या घराण्याचा शजरा माझ्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, नावापाशी येऊन थांबतो. त्यांच्या वर परदादांचे नुसते नाव आहे आणि त्याच्या वर काहीच नाही. सोलापुरातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत असे अर्धे शजरे सापडतील. 1948 च्या सप्टेंबरमध्ये निजामाच्या राज्यातून जे इकडे आले, त्यांच्या अंगावर कपडे होते, हातात कागद नव्हते.

दादा तेव्हा सतरा वर्षांचे होते. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे घर होते. हा तालुका तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, 1982 पासून तो लातूर जिल्ह्यात आहे. दादांचे वडील ज्या दिवशी मारले गेले, त्याच रात्री दादांनी गाव सोडले. पहाटेच्या आधी ते एका अनोळखी गावात पोहोचले आणि त्यांनी एका दाराची कडी वाजवली. दार एका बाईने उघडले. तिच्या गळ्यात इष्टलिंग होते. तिने काही विचारले नाही. घराच्या भिंतीत धान्य साठवायचे बळद होते, त्यात तिने दादांना चार दिवस ठेवले. भाकरी आणि येसराची आमटी वरून खाली सोडायची. पाचव्या रात्री तिने त्यांना आपल्या नवऱ्याचे धोतर नेसायला दिले, कपाळाला विभूती लावली आणि सोलापूरची वाट दाखवली.

दादा तिला 'बळदवाली माय' म्हणत. तिचे नाव त्यांना माहीत नव्हते. "विचारायचं राहून गेलं," एवढेच ते म्हणत. गावाचे नावही त्यांना नीट सांगता येत नसे. अंधारात गेले, अंधारात निघाले. खूण एकच. घरासमोर जुनी दगडी बारव आणि बारवेवर झुकलेले चिंचेचे झाड. 1996 साली दादा गेले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्यांच्याविषयी मला आठवते ते इतकेच की आजारपणात ते येसराची आमटी मागत, आणि दादीने ती शेजारच्या लिंगायत बाईकडून शिकून घेतली होती.

अब्बांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. सारी उमर चादरीच्या कारखान्यात गेली. 2024 च्या मे महिन्यात माझी निवडणुकीची ड्युटी आटोपली, शाळेला सुटी होती, तेव्हा त्यांनी विषय काढला. "एकदा जाऊन येऊ. माझ्या डोळ्यांदेखत."

खरे सांगायचे तर मला जायचे नव्हते. मी बुरखा घालते. माझे नाव मला लपवता येत नाही आणि लपवायचेही नाही. पण अनोळखी खेड्यात जाऊन "1948 मध्ये इथे काय झाले?" असे विचारायचे, हे आजच्या दिवसांत मला शहाणपणाचे वाटत नव्हते. दुसरी भीती मी अब्बांना बोलून दाखवली नाही. परदादा कोण होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. मारले गेले एवढेच ठाऊक होते. शोधायला जावे आणि नको ते सापडावे, असेही होऊ शकते.

अब्बांनी कारखान्यातल्या ओळखीने एक चांगली जाड चादर आणली. "माईच्या घरी द्यायला," म्हणाले. आम्ही तुळजापूरमार्गे लातूरला जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

आधी तहसील कार्यालयात गेलो. निजामाच्या राज्यातले महसुलाचे दफ्तर उर्दूत होते. साल फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन येते. लिपी मला येत होती, तरी कागदापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. अभिलेख कक्षातल्या कारकुनाने आमचा अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मॅडम, तुम्हाला उर्दू वाचता येतं का?"

मला वाटले, आता चौकशी सुरू होणार. पण तो बाहेर गेला आणि बाकावर बसलेल्या दोन शेतकऱ्यांना घेऊन आला. त्यांच्या हातात जुन्या उर्दू कागदांच्या नकला होत्या. 2023 पासून मराठवाड्यात निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांच्या शोधात माणसे फिरत होती. घरात पणजोबाचा कागद आहे पण वाचायला कोणी नाही, अशी त्यांची गत. मी तिथेच बाकावर बसले आणि वाचू लागले. शिकस्ता वळणाची घाईची लिखावट, अक्षर अक्षरात गुंतलेले. त्यातल्या एकाच्या आज्याचे नाव मी मोठ्याने वाचले, तेव्हा त्या माणसाने कागदावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा वाचा बाई." मी तीनदा वाचले. जातीचा रकाना त्या कागदात नव्हताच. त्याच्या कामाचा तो कागद नव्हता. तरीही तो खूश होता.

तासाभराने कारकून आमचा गठ्ठा घेऊन आला. धुळीने त्याचा सदरा लाल झाला होता. जेवणाची सुटी त्याने घेतली नव्हती. 1356 फसलीच्या, म्हणजे 1946-47 च्या, पाहणीत परदादांचे नाव निघाले. अकरा एकर जिरायत. आणि त्यांच्या नावापुढे त्यांच्या वडिलांचे नाव. आमच्या शजऱ्यात एक पिढी वर चढली. पुढच्या, 1954 च्या खासरा पत्रकात त्याच गटावर दुसऱ्याच कोणाचे नाव होते.

अब्बांनी कारकुनाला चहापाण्यासाठी काही देऊ केले. त्याने हात मागे घेतला. "त्या दोघांचं काम तुम्ही केलं, तुमचं मी केलं. फिटलं."

फिटले का? या शब्दावर मी नंतर खूप विचार केला. उपकार फेडायचा असतो, असे मराठी सांगते. उर्दूतही एहसान चुकवतात. पण ज्या अरबी धातूतून 'एहसान' आला, त्याचा अर्थ फेडीशी निगडित नाही. त्याचा अर्थ आहे चांगले करणे, सुंदर करणे. आपण त्या शब्दाचे कर्ज करून टाकले. मग एहसान 'जताना' आला, 'एहसान-फरामोश' आला, मराठीत उपकाराचे ओझे आले. सावकारी शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत की साध्या भाकरीचाही आपण हिशेब मांडतो.

माझ्या मुलांना मी जकातीचा धडा शिकवते. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांतला एक इब्नुस्सबील, म्हणजे मुसाफिर. शब्दाचा सरळ अर्थ 'रस्त्याचा लेक'. मुले नेहमी विचारतात, "टीचर, मुसाफिर श्रीमंत असेल तर?" उत्तर असे की तो आपल्या घरी मालदार असला, तरी वाटेत अडला असेल तर हकदारच. घरी काय आहे हे वाटेवर मोजायचे नाही. हा धडा मी दहा-बारा वर्षे शिकवला आणि औशाच्या त्या बाकावर मला तो प्रथमच कळला. रस्त्यावर उतरलेल्या माणसाचे घर, घराणे, अब्रू सगळे मागे राहिलेले असते. तो कोणाचा तरी लेक असायला हवा. म्हणून तो रस्त्याचा लेक.

आणि आपल्या खेड्यांतली मराठी याबाबतीत फार उदार आहे. शहरात अनोळखी माणसाला आपण 'अनोळखी' म्हणतो, 'परका' म्हणतो. खेड्यात पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "कोण गावचं पाव्हणं?" नाव नंतर, जात नंतर. ओळख नसलेल्या माणसाला त्या एका वाक्यात आधीच पाहुणा करून टाकलेले असते.

कंडक्टरने आमच्या गावाच्या फाट्यावर थांबा नसतानाही गाडी थांबवली. गावात शिरलो आणि हाच प्रश्न आला. पण आमचे उत्तर ऐकल्यावर पाराची हवा बदलली. अब्बांनी परदादांचे नाव सांगितले. दोन माणसे उठून गेली. थोड्या वेळाने चाळिशीतला एक शेतकरी आला. 1954 पासून ती अकरा एकर जमीन ज्यांच्या नावावर आहे, त्या घरचा तो नातू होता. उभ्यानेच म्हणाला, "जमीन मागायला आलाव का?"

अब्बा म्हणाले, "नाही बेटा. नाव विचारायला आलो. जमीन तुझी आहे, तू कसतोस."

तो तसाच उभा राहिला. मग आत वळून ओरडला, "पाणी आणा की!" पाण्याचा तांब्या आला, गुळाचा खडा आला. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी काही विचारले नाही. आमच्या डोक्यावरचे ऊन उतरेपर्यंत सगळे गप्प होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याचे काम आहे.

मग बोलणे झाले. नव्वदीच्या एका म्हाताऱ्याने परदादांना पाहिले होते. त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे देते. "रझाकार यायचे तवा तुमच्या आज्याच्या घरी जेवायचे. त्यो जेवू घालायचा का त्याला घालावं लागायचं, ते देवाला ठावं."

अब्बा काही बोलले नाहीत. मी बुरख्याच्या आत घामाने भिजले होते. माझी दुसरी भीती खरी ठरली होती, आणि पूर्ण खरी ठरलीही नव्हती. ती आता तशीच राहणार.

हा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. कासिम रझवी लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी हिंदू खेड्यांत जे केले, त्याला कंटाळून आणि भिऊन असंख्य कुटुंबे शेजारच्या प्रांतात पळाली. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये ठार मारण्यात आले. तेही मुसलमानच होते. मग 13 ते 17 सप्टेंबरची पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य संपले, आणि त्या दिवसांत व त्यानंतर खेड्यापाड्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफ्फार तिचे एक सदस्य होते. संपूर्ण राज्यात 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे. आकड्यांवर वाद आहेत. अहवालही पुष्कळ वर्षे प्रसिद्ध झाला नाही. पण त्याच अहवालात हेही नोंदलेले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्री-पुरुषांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःचे प्राण गमावल्याचाही उल्लेख आहे.

बळदवाली माय त्या अहवालात कुठेही नाही. अशा बायका अहवालात येत नसतात.

बारवेचे वर्णन ऐकल्यावर जमीन कसणारा तो नातू म्हणाला, "चिंचेची बारव? ती तर पलीकडच्या गावात हाय." त्याने पिकअप काढली आणि आम्हाला बारा किलोमीटरवर नेले. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. वाटेत एकदाच बोलला. "आमच्या आज्यानं ती जमीन कशी घेतली, आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमीबी विचारलं नाही." त्याच्याही शजऱ्यात एक रिकामी जागा होती, हे मला तेव्हा समजले.

बारव होती. चिंच पडून गेली होती, बुंधा शिल्लक होता. बारवेसमोर तीन घरे होती.

पहिल्या घरातल्या साठीच्या बाईने आम्हाला ओट्यावर बसवले. तिच्या घरात पूर्वी बळद होते, स्लॅब टाकताना बुजवले. "आमच्या सासूबाईच्या सासूनं कुणाला तरी ठेवलं होतं, असं कानावर आलंय. पर आमचीच म्हातारी, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. शेजारीबी बळद होतं." दुसऱ्या घरीही तेच. त्यांच्याकडेही कोणाला तरी लपवल्याची गोष्ट होती, पण तो एकटा पोरगा नव्हता, बायको आणि लेकरू असलेला माणूस होता म्हणे. खरे काय? कदाचित दोन्ही खरे असेल. एका रात्रीत एका गावातली किती दारे उघडली, याचे रजिस्टर कोणी ठेवले आहे?

दोन्ही घरी भाकरी खाऊन जाण्याचा आग्रह झाला. पहिल्या घरी आम्ही जेवलो. अब्बांनी येसराची गोष्ट सांगितली तेव्हा ती बाई आत गेली आणि डब्यातले येसर कागदात बांधून घेऊन आली.

तिसऱ्या घराच्या ओसरीत ऐंशीचे एक अप्पा खाटेवर बसले होते. ते आमचे सगळे बोलणे दुरून ऐकत होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हाताने बोलावले.

"मी पाच वर्साचा होतो," ते म्हणाले. "रात्री आमची कडी वाजली. लई वेळ वाजली. बापानं माझ्या तोंडावर हात ठेवला. आमी दार उघडलं नाही."

कोणी काही बोलेना. मग तेच पुढे म्हणाले, "महिन्याआधी रझाकारांनी आमची ज्वारी नेली होती. बापाच्या मनात राग होता का भ्या होतं, मला सांगता यायचं नाही. त्यो तुमचाच माणूस होता का दुसरा कुणी, तेबी ठावं नाही. पर वाजली होती. तुमी इतक्या लांबून आलाव, म्हणून सांगितलं."

अब्बा त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अप्पा, त्या रात्री माझ्या वालिदांनी पुष्कळ दारं वाजवली असतील."

मग त्यांनी पिशवीतून चादर काढली आणि त्या खाटेवर ठेवली. अप्पा घेईनात. "मी कशी घेऊ? ती त्या घरची हाय." अब्बा म्हणाले, "सोलापूरची आहे, सुती आहे. अंथरा." आणि उठून चालू लागले.

परतीच्या गाडीत मी अब्बांशी भांडले. ज्यांनी दार उघडले त्यांच्यासाठी आणलेली भेट ज्यांनी बंद ठेवले त्यांना दिली, हा कुठला इन्साफ? पहिल्या घरच्या बाईला काय वाटले असेल? अब्बा खिडकीबाहेर पाहत होते. एवढेच म्हणाले, "तिथं दिली असती तर हिशेब फिटला असं मला वाटलं असतं. मला तो फेडायचा नाही. आणि त्या म्हाताऱ्यानं ती कडी पंचाहत्तर वर्षं ऐकली आहे."

मला अब्बांचे म्हणणे अजूनही पूर्ण पटलेले नाही. पण काही गोष्टी मनाशी स्पष्ट झाल्या, त्या मांडते.

आल्यावर शाळेत ही हकीकत सांगितली, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "म्हणजे कोणी भाकरी दिली की झालेला जुलूम माफ?" प्रश्न खोटा नाही. परक्यांच्या भलेपणाच्या गोष्टी पुष्कळदा एवढ्याचसाठी सांगितल्या जातात की जखम झाकली जावी. एक माय पुढे करायची आणि हजारो मृतांवर चादर ओढायची. पण याच्या उलट चूकही आपण करतो. जुलूम इतका मोठा मानायचा की माय अपवाद ठरावी, योगायोग ठरावी, तिचे मोल शून्य व्हावे. मी गणितही शिकवते. या दोन रकमा एकाच वहीत लिहिता येत नाहीत. माईची भाकरी परदादांच्या खुनातून वजा होत नाही. परदादांचा खून माईच्या भाकरीतून वजा होत नाही. दोन्ही पूर्णच्या पूर्ण राहतात, आणि आपल्याला दोन्ही बाळगून जगावे लागते.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. माईने दादांना काहीच विचारले नाही. समजा विचारले असते, "तुझ्या बापाने रझाकारांना जेवू घातले का?" सतरा वर्षांच्या पोराने काय सांगितले असते? आणि ज्या घराची ज्वारी लुटली गेली, त्याला हा प्रश्न विचारायचा हक्क नव्हता का? होता. मी तो नाकारू शकत नाही. न्यायाला चौकशी करावीच लागते. चौकशी नसेल तर न्याय आंधळा होतो, आणि गुन्हेगारही पाहुणा म्हणून निसटतो. मग न विचारता दार उघडणारी माय चुकली का?

मला उत्तर सापडले ते त्या तांब्यात. ज्याला आमच्यावर संशय होता, ज्याची जमीन जाण्याची भीती होती, त्याने आधी पाणी दिले आणि मग विचारले. चौकशी सोडली नाही. फक्त क्रम पाळला. आधी पाणी, मग विचारपूस. आपल्या खेड्यापाड्यांत, हिंदू घरात आणि मुसलमान घरात, हा क्रम किती पिढ्या पाळला जात असेल. आपण त्याला रीतभात म्हणतो. मला वाटते ती नीतिशास्त्राची फार मोठी गोष्ट आहे. दया आणि न्याय यांच्यात भांडण नाही. त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण एवढाच प्रश्न आहे. ज्या रात्री माणूस मरणाच्या भीतीने कडी वाजवतो, त्या रात्री दार उघडायचे असते. विचारायला पाचवा दिवस असतो. सप्टेंबर 1948 मध्ये खेड्याखेड्यांत जे झाले, त्यात हा क्रम उलटला होता. चौकशीही झाली नाही, सरळ शिक्षा झाली.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख नीट संपला असता. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती माझी आहे.

जानेवारी 2020 मध्ये एक म्हातारी आमच्या शाळेत आली होती. तेव्हा नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती घरोघर होती. लोक जुने दाखले शोधत फिरत होते. तिच्या मयत नवऱ्याने कधीकाळी आमच्या शाळेत दोन इयत्ता केल्या होत्या, त्याचा दाखला तिला हवा होता. मुख्याध्यापक रजेवर होते, ऑफिस माझ्याकडे होते. मी तिला विचारले, साल कोणते? तिला माहीत नव्हते. जन्मतारीख? माहीत नव्हती. नाते सिद्ध करणारा कागद? नव्हता. मी म्हणाले, अर्ज आणा, आधार आणा, मुख्याध्यापक सोमवारी येतील. सगळे नियमाप्रमाणे होते. ती दारातच उभी होती. खुर्ची रिकामी होती, माठ भरलेला होता. मी तिला बस म्हटले नाही, पाणी विचारले नाही. ती आपल्याच समाजाची, आपल्याच जबानीची, माझ्या दादीच्या वयाची. ती गेली.

तिने नाव सांगितले होते, म्हणून संध्याकाळी मी जनरल रजिस्टर काढले. दहा-पंधरा मिनिटांत नोंद सापडली. सोमवारी ती आली नाही. नंतरही आली नाही. कोणत्या मोहल्ल्यातली, कोणत्या गावची, मी विचारलेच नव्हते. साल विचारले, तारीख विचारली, पुरावा विचारला. "कोण गावचं?" हे तेवढे विचारायचे राहून गेले.

दादांनाही माईचे नाव विचारायचे राहून गेले होते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळते.

आता वाटते, अब्बांनी चादर खाटेवर ठेवली तेव्हा मी रागावले, कारण त्या ओसरीत बसायची जागा माझीही होती. दार उघडणाऱ्या माईची वारस म्हणवून घ्यायला मी इतक्या लांब गेले. कडी ऐकूनही आत बसून राहिलेल्या घराशी माझे नाते त्याहून जवळचे निघाले. अप्पांच्या वडिलांना भीती तरी होती. मला तर कसलीच भीती नव्हती.

शजरा आता पुन्हा लिहिला आहे. वर एक नाव वाढले. आपल्या शजऱ्यांत बायकांची नावे सहसा नसतात, आणि माईचे तर नावच नाही. तरी दादांच्या नावाशेजारी अब्बांनी आपल्या वळणदार उर्दूत लिहिले आहे, 'बळदवाली माय, तालुका औसा'. रक्ताचे नाते नाही, म्हणून तिला रेघ जोडलेली नाही. पण ती नसती तर खालची एकही रेघ नसती.

त्या म्हातारीच्या नवऱ्याची नोंद मी तेव्हाच उतरवून ठेवली होती. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. ऑफिसच्या दारात कोणी अनोळखी उभे राहिले की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करते आणि मग विचारते. आतापर्यंत आलेल्यांत ती नव्हती.